दोन टिंबांची सही

नऊ वर्षं मी दुसऱ्याच माणसाची सही केली. चोरून नाही, दिवसाढवळ्या, शेठच्या डोळ्यांसमोर बसून, शेठच्याच पेनानं. त्यातली शेवटची तीन वर्षं तर तो माणूस जिवंतही नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी किती बिचारा आणि शेठ किती हरामी असं रंगवायला लागलो, तर वाचणाऱ्यानं मला तिथंच टोकावं.

काम होतं कारंज्याला, धरमकाट्यावर. बाजाराच्या रस्त्याला शेठचं गोदाम, तुरीची अन् सोयाबीनची खरेदी, आणि गोदामाच्या तोंडाशी जमिनीत बसवलेला लोखंडी काटा. ट्रॅक्टर मालासकट काट्यावर चढायचा, मी वजन घ्यायचो. माल उतरला की रिकामा ट्रॅक्टर परत चढायचा, मी पुन्हा वजन घ्यायचो. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा माल. वजन मशीन दाखवते, पावती मशीन छापते, हे खरं. पण आमच्या इकडचा शेतकरी मशीनच्या भरवशावर घरी जात नाही. तो पावतीच्या खालच्या कोपऱ्यात पाहतो. तिथं काटेवाल्याची सही पाहिजे म्हणजे पाहिजे.

आमच्या काट्यावर सही चालायची ती माझ्या आधीच्या माणसाची. त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही म्हणायचो. कामरगावचे होते, रोज एसटीनं यायचे. सही साधीच. एक मोठा वळसा, त्याच्याखाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. पण ही दोन टिंबं काकाजी एकदम देत नसत. भरलेली गाडी स्वतःच्या डोळ्यांनी काट्यावर पाहिली की पहिलं टिंब. तीच गाडी रिकामी होऊन आली की दुसरं. तोवर पावती अर्धीच, आणि अर्धी पावती कोणाच्या हातात द्यायची नाही. एकदा शेठच्या साळ्याला घाई होती. म्हणाला, देऊन टाका दोन्ही टिंबं, गाडी येतेच आहे. काकाजींनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात टाकलं आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसले. गाडी काट्यावर चढेपर्यंत उठले नाहीत. साळा नुसता फणफणत राहिला.

पुढं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. पहिला आठवडा मी आपली स्वतःची सही ठोकत होतो. शेतकरी पावती उलटीपालटी करून पाहायचे आणि माझ्यापुढं परत टाकायचे.

"हे कोन्या कोंबडीनं पाय देल्ला? टिंबं कुठी हायत?"

दोघंजण तर भरला ट्रॅक्टर वळवून दुसऱ्या काट्यावर गेले. शेठचा पारा चढला. म्हणाला, "तुह्या सहीले इचारते कोन? लोकायले टिंबं पाह्याची सवय हाय. काकाजीचीच कर."

काकाजी तेव्हा काम समजावून द्यायला म्हणून अजून यायचे. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी समोरची पावती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाले, "कर. सही माही कर, पन टिंब तुह्या डोयानं दे. न पाह्यता देल्लं तं त्याचं पाप मले लागन."

त्यांनीच माझा हात धरून वळसा शिकवला. आठवड्यात मला जमली. दोन-तीन महिन्यांत तर हाताला अशी बसली की बँकेत गेल्यावर माझी स्वतःची सही जुळेना, कॅशियरनं चार वेळा करून घेतली. मी तिथं हसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, खरं सांगायचं तर, मोठेपणाच वाटला. काकाजींची सही चालवणारा माणूस म्हणून शेतकरी मला चहा पाजायचे.

ते वारले तेव्हा सोयाबीनचा ऐन हंगाम होता. शेठ, मी आणि दोन हमाल, असे कामरगावला मातीला गेलो. परत आलो तर काट्यासमोर सात ट्रॅक्टर उभे. मी हातपाय धुतले, खुर्चीवर बसलो आणि पहिल्याच पावतीवर त्यांची सही केली. त्या दिवशी तरी हात थांबायला पाहिजे होता. नाही थांबला.

पगाराचं असं होतं की शेठ महिन्याचा पूर्ण पगार हातात कधीच देत नसे. आठवडी बाजाराच्या दिवशी खर्ची द्यायचा. बाकीचे पैसे "माह्यापाशी जमा हायत, जातेत कुठी?" दर दिवाळीच्या पाडव्याला हिशोब व्हायचा आणि तेव्हा पैसे मिळायचेही, हे कबूल केलं पाहिजे. मग एका पाडव्याला हिशोब झाला नाही. मार्केट बसलंय म्हणाला, तूर निघू दे म्हणाला. तूर निघाली, विकली गेली, हिशोब नाहीच. चौदा महिने मी फक्त खर्चीवर काढले. माझी पोट्टी अकोल्याला नर्सिंगला होती, तिची दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती, तेव्हा मी पहिल्यांदा आवाज चढवून पैसे मागितले.

"तू मले हिशोब मांगून राह्यला?" शेठ म्हणाला. एवढंच. आणि फोनवर बोलायला लागला.

पोट्टी बॅग घेऊन घरी आली. रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवसापासून आईच्या शिलाई मशीनवर फॉल लावायला बसली. ते मला जास्त लागलं. बायको म्हणाली, "अवो, तुमी तोंडानं मांगत राहाल अन् थो तोंडानंच उडवत राहीन. कागद करा कागद."

म्हणून वाशिमला गेलो. एका वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि फी सांगितली. मी म्हणालो, साहेब, एवढे असते तं पोट्टीचीच फी नसती भरली का? ते हसले. माणूस सरळ होता. म्हणाले, कामगार कार्यालयात जा, तिथं वकील लागतोच असं नाही, तुमचं तुम्ही उभे राहा. मी बसस्टँडवर बसून चार पानं लिहिली. काकाजींपासून सगळं. कार्यालयातल्या बाबूनं पानं चाळली आणि म्हणाला, कादंबरी नको, एक पान लिहा, किती महिने काम केलं आणि किती पगार बाकी. मी एक पान लिहिलं. त्यानं शिक्का मारून पोच दिली. ती पोच प्लॅस्टिकमध्ये घालून घरी आणली. असा मी त्या दिवशी स्वतःचा वकील झालो.

शेठला नोटीस मिळाली मंगळवारी. बुधवारी सकाळी गेलो तर माझ्या खुर्चीवर शेठच्या साळ्याचा ओळखीचा माणूस. माझी गादी, माझा चष्मा, पाण्याची बाटली, सगळं एका बारदान्यात भरून गेटबाहेर ठेवलेलं. शेठ आतूनच ओरडला, "सरकारकडे गेल्ता ना? मंग जाय, सरकारच्याच काट्यावर बस!"

हमाल खाली माना घालून पोती उचलत राहिले. नऊ वर्षं ज्यांच्यासोबत भाकर खाल्ली त्यांतल्या एकानंही वर पाहिलं नाही. मला इतका राग आला की बारदाना तिथंच फेकून द्यावासा वाटला. पण चष्मा आत होता, म्हणून उचलला.

कारंज्यात आणखी तीन काटे आहेत, एक मंगरूळपीर रस्त्याला आहे. चारही ठिकाणी गेलो. चारही ठिकाणी माझ्याआधी शेठचा फोन पोहोचलेला. एकानं तर बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "भौ, तुह्यासारखा मानूस मले बी पाह्यजे. पन मले शेठसंग धंदा करा लागते." मला येतं ते एकच काम, आणि त्या कामाचं एकही दार उघडं नव्हतं. घरात बसलं तर मशीनचा आवाज, बाहेर निघालं तर बाजाराचा रस्ता. एवढं मोठं कारंजा, पण मला जायला जागा नव्हती. सकाळी आंघोळ करून कपडे घालायचो आणि खाटेवर बसून राहायचो.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला वाशिमला गेलो. शेठ आला नव्हता, त्याचा वकील आला होता. कोवळा, गोड बोलणारा पोरगा. अधिकारी बाई होत्या. वकिलानं लेखी जबाब दिला आणि बाईंनी तो वाचून दाखवला. अर्जदार आमचा कामगार नाही व कधीही नव्हता. तो गोदामासमोर थांबणाऱ्या गाड्या पुसत असे. त्याला दयेपोटी अधूनमधून चहापाण्याला पैसे दिले जात.

मी ताडकन उभा राहिलो. "गाड्या? मी गाड्या पुसत होतो?"

"बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे?"

"नाही."

"बँकेत पगार जमा व्हायचा?"

"रोख द्यायचे, मॅडम."

"हजेरीवर सही?"

"हजेरी शेठ आपली आपण मांडायचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही तिथं काम करत होता हे दाखवणारं काहीतरी आणा. काहीही चालेल. पण कागद आणा."

येताना बसमध्ये मंगरूळपीरच्या आसपास मला एकदम आठवलं आणि मी मांडीवर थाप मारली. शेजारचा माणूस दचकला. कागद? अरे, माझे हजारो कागद घरोघरी पडलेत! आमच्या इकडं प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात दाराशेजारी खिळ्याला एक वाकवलेली तार लटकलेली असते. बियाण्याचं बिल, लाइटचं बिल, काट्याची पावती, जे कागद येतील ते त्या तारेत खोचायचे. फेकायचं काही नाही.

दुसऱ्याच दिवशी कामरगाव गाठलं. पहिल्याच घरातल्या माणसानं तारेतून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "ने बाप्पा, आता आमच्या कामाच्या नाईत." मी विचारलं, वाशिमला येऊन दोन शब्द सांगता का, की काट्यावर हाच होता म्हणून? त्यानं कानाला हात लावला. "ते नको भौ. तूर शेठलेच इकायची हाय." तीन घरं फिरलो, तिन्ही घरांत हेच झालं. पावती ने, मी येत नाही. चालेल म्हटलं. साठ-सत्तर पावत्या जमल्या, नेमक्या त्याच चौदा महिन्यांतल्या. मला किती आनंद झाला सांगू! स्टँडवर येऊन बसलो, मांडीवर पिशवी अंथरली आणि तारखेप्रमाणे लावायला घेतल्या. आठ-दहा लावल्या असतील. मग माझी नजर खालच्या कोपऱ्यात गेली.

वळसा, रेघ, दोन टिंबं. पुढची पावती. वळसा, रेघ, दोन टिंबं.

साठ-सत्तर पावत्यांत मी कुठंच नव्हतो. सगळीकडं काकाजी होते. माझ्याच हातानं मी माझं नाव नऊ वर्षं काट्यावरून पुसत आलो होतो, आणि त्यासाठी चहा पीत होतो. एक बस आली आणि गेली, मी उठलो नाही.

मग डोकं जरा ताळ्यावर आलं. काकाजी तर तीन वर्षांपूर्वी गेले. मेलेला माणूस सही करत नाही. म्हणजे ह्या सह्या दुसऱ्या कोणीतरी केल्या, आणि तो मी. काकाजींच्या मृत्यूचा दाखला मिळाला तर झालं. त्यांचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. काकी घरीच होत्या, दारात सुपात ज्वारी पाखडत होत्या. एकट्याच राहतात. मी सगळं सांगितलं. सहीचंसुद्धा. सहीचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

सूप त्यांनी खाली ठेवलं. "म्हंजे थो मेल्यावरबी तुमी दोघायनं त्याले कामावर जुपलं?"

मी मान खाली घातली. शरम वाटली, दुसरं काय वाटणार?

दाखला मागितला तेव्हा त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "शेठ दर महिन्याले डायवर पाठोते. पाकीट देते, वहीत माहा आंगठा घेते. तुले कागद देल्ला तं ते बंद होईन."

"कसली वही, काकी?"

"लांबच लांब. आडव्या रेघायची. डायवरनं एकदा वाचून दाखोलं मले, ह्या ओळीत काकाजीचं नाव हाय म्हने."

ती हजेरीची वही होती. कागदावर काटेवाला म्हणून काकाजी अजून कामावर होते आणि पगारही घेत होते. शेठ काकींना देत होता ती दया नव्हती. ज्या खुर्चीवर मी बसत होतो तिचा कागदावरचा पगार मेलेल्या माणसाच्या नावानं लागत होता, त्यातलं थोडं काकींना जायचं आणि बाकीचं कुठं जायचं ते शेठला ठाऊक. मी काकींना समजावलं. त्यांना समजलं, हे तोंडावर दिसलं. इतकी वर्षं शेठला आशीर्वाद देत होत्या त्या.

तरी म्हणाल्या, "मले एकटीले दुसरं काई नाई बाबा. जाय तू."

रस्ताभर मला त्यांचा राग येत होता. आणि त्या रागाची मग माझी मलाच लाज वाटत होती.

कामरगावची बातमी कारंज्यात माझ्याआधी पोहोचली. शेठनं बोलावून घेतलं. कधी नव्हे ते खुर्ची दिली. समोर एक टाइप केलेला कागद सरकवला. तीन महिन्यांचा पगार घ्यायचा आणि लिहून द्यायचं की मी इथं कामाला कधीच नव्हतो, माझं काही येणं नाही.

"नाई तं ने त्या पावत्या वाशिमले," तो शांतपणे म्हणाला. "सांग तिथी, मेल्या मानसाची खोटी सही केली म्हनून. ठाणं कारंज्यातच हाय, लांब जा लागत नाई."

"शेठ, तुमीच सांगतलं होतं करायले!"

"कोनं आयकलं?"

ऐकलं होतं एका माणसानं. काकाजींनी.

त्या रात्री... नाही, रात्रीचं सोडा, ते आठ दिवस सगळे सारखेच होते. पावत्या दाखवल्या तर मी खोट्या सहीचा गुन्हेगार. नाही दाखवल्या तर गाड्या पुसणारा. शेठनं पिंजरा केला असं म्हणायचीही सोय नव्हती. एकेक काडी मीच लावली होती. चिडायचो तेही कोणावर? बायकोवर खेकसलो, पोट्टीनं मशीन जोरात चालवलं म्हणून तिच्यावर खेकसलो. बायकोला विचारलं, घेऊन टाकू का तीन महिन्यांचे? तिनं सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "घ्या नाई तं नका घेऊ, तुमचं तुमी पाहा. पन गाड्या पुसत होतो असं लिहून देऊन आले, तं मी तुमच्या हातचा चहा पिनार नाई." आमच्या घरी सकाळचा चहा मी करतो. पंचवीस वर्षं झाली.

तारखेला दोन दिवस होते तेव्हा कामरगावहून फोन आला. शेजाऱ्याच्या फोनवरून काकी ओरडून बोलत होत्या. "ये. कागद घेऊन जाय."

गेलो तर त्या दारातच उभ्या होत्या. ड्रायव्हर येऊन गेला होता. ह्या वेळी पाकिटासोबत एक कागद होता, त्यावर अंगठा पाहिजे होता. काकींनी शेजारच्या सुनेकडून कागद वाचून घेतला. माझे पती मागच्या हंगामापर्यंत काट्यावर काम करत होते आणि त्यानंतर वारले, असं त्यात लिहिलं होतं.

"मले वाचता येत नाई," काकी म्हणाल्या, "पन माहा मानूस कधी गेला ते मले ठाऊक हाय. त्याले आनखी एकदा मारून राह्यले हे, सोयीनं! पाकिटासकट हाकलला त्याले."

दाखला त्यांनी पिठाच्या डब्याखालून काढला. हातात देण्याआधी दाबून धरला. "एक इचारू? टिंबं पाहूनच देल्ले ना?"

"हाव काकी. एकबी न पाह्यता नाई देल्लं."

"मंग जाय."

तारखेला वकील खुशीत होता. त्यानं हजेरीची वही बाईंपुढं ठेवली. चौदाही महिने काटेवाला म्हणून काकाजींचं नाव, पुढं अंगठा. हा आमचा कामगार, म्हणाला, आणि आता तो हयात नाही. बाईंनी माझ्या पावत्यांमधली एक उचलली, सही पाहिली, वहीतला अंगठा पाहिला. "हे गृहस्थ पावतीवर सही करायचे आणि पगार अंगठ्यानं घ्यायचे?" वकील काहीतरी पुटपुटला. मग मी दाखला पुढं केला.

वकिलानं तो दोनदा वाचला. काकाजी कधी वारले ते त्याला शेठनं सांगितलंच नसावं, कारण कान लाल झाले. परवानगी घेऊन बाहेर गेला, फोन केला, आणि आला तेव्हा गोड बोलणं संपलं होतं. "मॅडम, मग प्रश्न एवढाच आहे की मयताच्या सह्या केल्या कोणी? अर्जदारानं कबूल करावं. आम्ही फौजदारी तक्रार देणार आहोत. हे नोंदवून घ्यावं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "विचार करून बोला. तुम्ही बोलाल ते लिहिलं जाईल. इथं मी एवढंच पाहणार, की तुम्ही काम केलं की नाही आणि पगार मिळाला की नाही. बाहेर काय होईल ते माझ्या हातात नाही."

माझ्या बाजूला कोणी नव्हतं. बाजूची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. शौर्य वगैरे काही नव्हतं. खूप भीती वाटत होती. ठाण्यातला बाक दिसत होता, पोट्टीच्या नर्सिंगच्या फॉर्मवर बापाच्या नावापुढं काय लिहितील ते दिसत होतं. पण गाड्या पुसत होतो हे तोंडातून निघेना.

"सह्या माझ्या आहेत," मी म्हणालो. "साऱ्या."

त्यांनी लिहिलं. शेठला पुढच्या तारखेला स्वतः हजर राहायला सांगितलं. मग कागद माझ्याकडं फिरवला. "जबाब वाचा आणि खाली सही करा."

वाचला. पेन उचललं. वळसा घेतला, रेघ ओढली, एक टिंब दिलं, आणि हात वर उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. सरकारी कागदावर, शेठच्या वकिलासमोर. वकील वाकून पाहत होता. बाईंनी एक पावती उचलून त्या सहीशेजारी ठेवली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"पावतीवर दोन टिंबं आहेत. हे एकच."

"दुसरं गाडी रिकामी झाल्यावर देतात, मॅडम. न पाहता देत नाहीत."

त्यांनी तेही जबाबात लिहिलं, माझ्याच शब्दांत. वकील म्हणाला, हे सुद्धा आमच्या तक्रारीला लागेल, ह्याची प्रत पाहिजे. त्या म्हणाल्या, मिळेल. मग सहीखालच्या जागेवर बोट ठेवलं. "आता इथं तुमच्या नावाची करा."

पेन टेकवलं आणि हात चालेना. माझी सही कुठून सुरू होते तेच आठवेना. शेवटी शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. तो पहिला आठवडा सोडला तर काट्याच्या कामाच्या कुठल्याही कागदावर माझं नाव नऊ वर्षांत पहिल्यांदा आलं, आणि ते मी माझ्याच गुन्ह्याच्या कबुलीखाली लिहिलं होतं.